धावण्याची वेळ सुधारली, नाडी मात्र वाढली: एम.पी.एड.च्या एका लघुशोधप्रबंधाचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधल्या एका शारीरिक शिक्षण महाविद्यालयातलं, एम.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर पदवीच्या वर्गातलं आहे. विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक, भरतीपूर्व प्रशिक्षण देणारी अकादमी यांपैकी कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्याच विभागात शिकवतो. या प्रबंधाचा मार्गदर्शक नव्हतो, पण विभागाच्या संशोधन समितीत असल्यामुळे कागद माझ्यासमोरून गेले आणि चर्चेला मी हजर होतो. व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या दोघांनाही यात काहीतरी ओळखीचं सापडेल.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी पेठ तालुक्यातली. शाळेपासून धावणारी. त्या पट्ट्यात धावणाऱ्या मुलीला सावरपाड्याच्या कविता राऊत कोण हे सांगावं लागत नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून पाड्यापाड्यांवर पहाटे मुली पळताना दिसायला लागल्या. आमची विद्यार्थिनी विभागीय स्पर्धेपर्यंत गेली, पुढे गुडघ्याने साथ दिली नाही. मग बी.ए., बी.पी.एड. आणि एम.पी.एड. विज्ञान शाखेशी दहावीनंतर संबंध नव्हता. पहिल्या सत्रात 'फिजिऑलॉजी ऑफ एक्सरसाइज'चा पेपर आला तेव्हा एटीपी, लॅक्टेट, स्ट्रोक व्हॉल्यूम हे शब्द तिने वहीत मराठीत उतरवून, आकृत्या काढून पाठ केले. त्या पेपरात तिला वर्गातल्या बहुतेकांपेक्षा चांगले गुण होते. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे घडलं ते 'अभ्यास कच्चा होता' या सदरात टाकून मोकळं होण्यासारखं नाही.

चौथ्या सत्रात प्रबंधासाठी तिने विषय घेतला: पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींच्या हृदय-श्वसन क्षमतेवर १२ आठवड्यांच्या इंटर्व्हल ट्रेनिंगचा (थोडं अंतर जोरात, मग थोडी विश्रांती, पुन्हा जोरात अशा धावण्याचा) परिणाम. विषय जवळचा होता. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडच्या कितीतरी मुली पंचवटी, म्हसरूळ भागात खोल्या घेऊन राहतात, सकाळी मैदान आणि दुपारी लेखी परीक्षेचा क्लास असा दिवस काढतात. मुलींच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. त्यातल्या ८०० मीटरवर बऱ्याच जणींचं गणित अडतं. तिची एक मैत्रीण अशाच एका अकादमीत होती. तिथल्या प्रशिक्षकांनी तीसेक मुली आणि मैदान द्यायचं कबूल केलं. सगळ्या मुली १८ वर्षांवरच्या होत्या आणि प्रत्येकीचं मराठीत संमतिपत्र घेतलं होतं.

मोजायच्या गोष्टी दोन ठरल्या. एक ८०० मीटरची वेळ. दुसरी, आणि आराखड्यात मुख्य म्हणून लिहिलेली, क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्टवरून काढलेली व्हीओ-टू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं त्याचा अंदाज. खरी व्हीओ-टू मॅक्स मोजायची तर तोंडाला मास्क लावून उच्छ्वासातले वायू तपासणारं यंत्र लागतं. ते लाखोंच्या घरात जातं आणि आमच्याकडे नाही. स्टेप टेस्टला एक बाक, मेट्रोनोम (ठराविक लयीत टिकटिक करणारं यंत्र) आणि घड्याळ पुरतं. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजमध्ये ही चाचणी विद्यार्थिनींवर बसवली गेली. बाकाची उंची ४१.३ सेंटिमीटर, कारण तिथल्या व्यायामशाळेतल्या प्रेक्षकांच्या पायऱ्या तेवढ्या उंच होत्या. मुलींनी मिनिटाला २२ वेळा या गतीने तीन मिनिटं चढ-उतार करायचा, थांबल्यावर पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंत नाडी मोजायची, तिला चारने गुणायचं. मग सूत्र: ६५.८१ वजा (०.१८४७ × मिनिटाचे ठोके).

आमच्याकडच्या निम्म्याअधिक प्रबंधांत ही किंवा अशीच एखादी चाचणी असते. सूत्रात आकडा घातला की उत्तर येतं, ते दशांश चिन्हासकट येतं, आणि दशांश चिन्ह दिसलं की आपल्याला अचूक मोजल्यासारखं वाटतं.

काय घडलं

जानेवारीच्या मध्यावर प्री-टेस्ट, म्हणजे प्रशिक्षणाआधीची चाचणी, झाली. सकाळी आठच्या सुमारास, मैदानावरच, स्वेटर काढायला मुली कुरकुरत होत्या अशा थंडीत. मग १२ आठवडे प्रशिक्षण. हजेरी चांगली होती. एप्रिलच्या सुरुवातीला पहाटे ८०० मीटर धावून घेतलं, आणि जवळपास प्रत्येकीची वेळ कमी झाली. अकादमीत पेढे वाटले गेले.

स्टेप टेस्ट त्यानंतर दोन-तीन दिवसांनी होती. ऐनवेळी मैदान क्रिकेट स्पर्धेसाठी गेलं. मुलींना सकाळी सराव चुकवायचा नव्हता, म्हणून दुपारच्या क्लासनंतर त्यांना आमच्या महाविद्यालयात बोलावलं. बाक दोनच. नाडी मोजणारी ती स्वतः आणि एक वर्गमैत्रीण. मुली हजेरीपटाच्या क्रमाने रांगेत उभ्या राहिल्या. झाड एकच, त्याखाली दप्तरं ठेवलेली. नाशिक थंड हवेचं शहर आहे ही आपली जुनी समजूत एप्रिलच्या दुपारी टिकत नाही.

संध्याकाळी तिने आकडे एक्सेलमध्ये भरले. गटाची सरासरी नाडी जानेवारीपेक्षा वाढलेली होती. म्हणजे सूत्रानुसार व्हीओ-टू मॅक्स घटलेली. बारा आठवडे घाम गाळून मुली जास्त वेगाने धावू लागल्या, आणि तिच्या तक्त्यानुसार त्यांची क्षमता मात्र कमी झाली.

तिने रात्री मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, आधी बाक मोज." तिने मोजले, दोन्ही बरोबर होते. मेट्रोनोम तपासला, तोही ठीक. सूत्राचे कंस तपासले. मुलांचं सूत्र चुकून वापरलं नाही ना, तेही पाहिलं. सगळं जागच्या जागी.

एवढं झाल्यावर तिच्या मनात जे आलं ते तिने नंतर आम्हाला मोकळेपणाने सांगितलं: प्रशिक्षणच चुकीचं झालं असेल, मुली ओव्हरट्रेन झाल्या असतील, म्हणजे अति सरावाने थकल्या असतील. पहिल्या सत्रात उष्ण हवेतल्या व्यायामावरचा प्रश्न तिने सोडवला होता. त्वचेकडे जाणारं रक्त वाढतं, घामाने प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, कमी होतो, एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त घटतं, आणि तेवढाच रक्तपुरवठा राखायला हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात, हे तिने आकृतीसह लिहिलं होतं. उत्तरपत्रिका मी तपासली होती. तरीही स्वतःच्या वहीतले वाढलेले ठोके पाहताना तो प्रश्न तिला आठवला नाही. मार्गदर्शकांनाही लगेच आठवला नाही. बाक, मेट्रोनोम, सूत्र या तिघांना आपण 'चाचणी' समजतो. हवा, वेळ, रांग यांना कुणी चाचणीचा भाग मानत नाही.

गुंता सुटायला सुरुवात झाली ती तिच्या जुन्या सवयीमुळे. धावपटू असल्यामुळे ती प्रत्येक नोंदीपुढे घड्याळातली वेळ लिहीत असे. समितीत एका सहकाऱ्याने सुचवलं की जानेवारी-एप्रिलचा फरक वेळेच्या क्रमाने लावून बघ. लावला. रांगेत पहिल्या पाच-सहा मुलींची नाडी जानेवारीइतकीच किंवा थोडी कमी होती. जसजशी रांग पुढे सरकली, तसतसा फरक वाढत गेला. शेवटच्या मुली तासाहून अधिक वेळ उन्हात उभ्या होत्या, त्यांच्यात तो सर्वांत मोठा होता. क्रम हजेरीपटाचा, म्हणजे आडनावाचा. आडनाव आणि फिटनेसचा काही संबंध नाही.

आकड्यांचा आवाका किती

पर्यायांकडे जाण्याआधी थोडं गणित, कारण निर्णय त्यावर अवलंबून होते. समजा एखाद्या मुलीची नाडी १४८ आली. सूत्रानुसार ३८.५ मिली प्रतिकिलो प्रतिमिनिट. तीच मुलगी, तीच क्षमता, पण उन्हात उभी राहिल्यामुळे नाडी १६० आली तर ३६.३. म्हणजे १२ ठोक्यांनी साधारण दोन मिलीचा खड्डा. काही आठवड्यांच्या प्रशिक्षणाने आपण ज्या सुधारणेची आशा धरतो ती अशीच दोन-चार मिलींची असते. उन्हाने ती गिळून टाकायला फार काही करावं लागत नाही.

त्यात बोटांनी मोजलेली नाडी. १५ सेकंदांत एक ठोका सुटला की मिनिटाचे चार ठोके गेले, म्हणजे ०.७४ मिली. मिनिटाला १६० च्या पुढे ठोके पडत असताना, समोरची मुलगी धापा टाकत असताना, मनगटावर एकही ठोका सुटणार नाही याची खात्री कुणी देऊ नये.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मार्गदर्शकांचा: स्टेप टेस्ट गाळायची, ८०० मीटरवर प्रबंध उभा करायचा. वरकरणी हा समजूतदार मार्ग. ८०० मीटरमध्ये निम्म्याहून जास्त ऊर्जा प्राणवायूच्या मार्गानेच येते, त्यामुळे हृदय-श्वसन क्षमतेशी त्याचं नातं आहेच. सबमिशनला महिना उरलेला. अडचण अशी की मंजूर आराखड्यात स्टेप टेस्ट मुख्य मापन म्हणून होती. मुख्य मापन मनासारखं आलं नाही म्हणून गायब करायचं आणि दुय्यम मापन वर आणायचं, याला माझ्या मते निवडक सत्य म्हणतात. समितीत यावर बरीच खडाजंगी झाली. मार्गदर्शकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. सदोष चाचणीचे आकडे छापून तरी काय साधणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

दुसरा पर्याय कुणी कागदावर मांडला नाही, पण तो होता. एका सीनियरने तिला सांगितलं, "दोन-दोन ठोके कमी कर. पंधरा सेकंदांत दोन म्हणजे मिनिटाला आठ. कोण मोजायला येतंय?" अशा सल्ल्याला आमच्याकडे 'आकडे बसवणं' म्हणतात आणि हसत हसत दिला जातो. विद्यार्थिनीने तो मानला नाही. पण तो किती सहज दिला गेला हे इथे लिहून ठेवणं भाग आहे.

तिसरा पर्याय तिने स्वतः शोधला: तापमानानुसार ठराविक ठोके वजा करायचे. ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण त्या दिवशी तापमान नोंदलंच नव्हतं, आर्द्रता नाही, कोण किती पाणी प्यायली ते नाही. शिवाय उष्णतेला प्रत्येकीचं शरीर वेगळं उत्तर देतं. उष्ण हवेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या मुली सराव पहाटे करत, त्यामुळे कुणाला ती सवय किती झाली होती हे सांगता येत नव्हतं. सगळ्यांना एकच वजाबाकी लावणं म्हणजे आकडे बसवण्याचंच सभ्य रूप.

चौथा पर्याय: पुन्हा पहाटे स्टेप टेस्ट घ्यायची. तोटा उघड आहे. तोवर प्रशिक्षण १२ आठवड्यांच्या पुढे गेलेलं, लग्नसराईमुळे बऱ्याच मुली गावी गेलेल्या. उरलेल्या मुली म्हणजे चिवट, नियमित मुली, हा आणखी एक कल.

पाचवा: विषयच बदलायचा, 'उष्ण हवेचा स्टेप टेस्टवरील परिणाम' असं शीर्षक लावायचं आणि पहिल्यापासून हेच शोधायला निघालो होतो असा आव आणायचा. हा मोह सर्वांत हुशार लोकांना होतो, म्हणून जास्त धोक्याचा.

अकादमीची बाजू

याच सुमारास प्रशिक्षकांना कुणकुण लागली. "ताई, आमच्या मुली कमी पडल्या असं छापू नका. पुढची बॅच यायची आहे," ते म्हणाले. त्यांना मुळात अपेक्षा होती की प्रबंधातली एखादी ओळ अकादमीच्या फ्लेक्सवर जाईल. हे सुरुवातीला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही बोलून दाखवलं नव्हतं. मैदान त्यांचं, मुली त्यांच्या, प्रशिक्षणाचं वेळापत्रकही त्यांचंच. तक्ता त्यांना आवडला नाही तर पुन्हा चाचणीला मुली मिळणार नव्हत्या. तिने त्यांना रांगेचा आलेख दाखवला आणि सांगितलं की मुली कमी पडलेल्या नाहीत, आम्ही चुकीच्या वेळी मोजलं. ते निवळले, पण पूर्ण नाही.

काय केलं

शेवटी ठरलं ते चौथ्या आणि पाचव्या पर्यायाचं मिश्रण होतं, मात्र आव न आणता. जानेवारी आणि एप्रिलचे सगळे आकडे जसेच्या तसे प्रबंधात राहतील. त्याला जोडून एक छोटी, वेगळी, 'नंतर सुचलेली' अशी स्पष्ट नोंद असलेली चाचणी होईल: उपलब्ध मुलींची दोनदा स्टेप टेस्ट, एकदा पहाटे, एकदा दुपारी दोन वाजता, अर्ध्या मुलींची आधी पहाटेची आणि अर्ध्यांची आधी दुपारची, मध्ये एक दिवस विश्रांती.

आराखड्यातला हा बदल नैतिकता समितीकडे गेला आणि तिथे अडला, हे चांगलं झालं. समितीतल्या डॉक्टरांनी दुपारी दोनची चाचणी साफ नाकारली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, उन्हाचा त्रास होतो हे दाखवण्यासाठी मुलींना उन्हात उभं करायचं? त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली: हिमोग्लोबिन पाहिलंय का? पाहिलं नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेवढ्याच श्रमाला नाडी जास्त पडते, आणि उन्हात चक्कर येण्याची भीतीही जास्त. आमच्या खोलीत बसलेल्या एकालाही हे आधी सुचलं नव्हतं.

म्हणून दुपारऐवजी सकाळी अकराची वेळ ठरली, पत्र्याच्या शेडमध्ये, सावलीत, खुर्चीवर बसून दहा मिनिटं थांबल्यावर, पाणी पिऊन. ताप, चक्कर, पाळीचा त्रास असेल तर कारण न विचारता नाव वगळायचं. शेडमध्ये थर्मामीटर टांगला. नाशिकमध्ये सायकलवेड्या डॉक्टरांची वानवा नाही, त्यांच्यापैकी एकाकडून छातीला बांधायचे हार्ट रेट पट्टे उसने आणले. नाडी बोटांनीही मोजायची आणि पट्ट्यावरचाही आकडा लिहायचा, असं ठरलं. मोजणारीला पट्ट्याचं घड्याळ दिसू नये म्हणून ते वर्गमैत्रिणीच्या हातात दिलं. ही कल्पना विद्यार्थिनीचीच.

निष्पत्ती

निम्म्याच्या आसपास मुली आल्या. अकरा वाजता जवळपास सगळ्यांची नाडी पहाटेपेक्षा जास्त होती, पण एप्रिलच्या रांगेत शेवटी असलेल्या मुलींमध्ये जेवढा फरक दिसला होता तेवढा इथे नव्हता. अर्थात नव्हता, इथे सावली होती, खुर्ची होती, पाणी होतं. त्यामुळे 'एप्रिलची सगळी वाढ उन्हामुळेच' असं छातीठोकपणे म्हणता आलं नाही. उन्हाचा वाटा आहे, किती ते सांगता येत नाही, एवढंच तिने लिहिलं.

पहाटेची नाडी बहुतेकींची जानेवारीपेक्षा कमी होती. प्रशिक्षणाचा परिणाम म्हणून हे छापायचा मोह मार्गदर्शकांना झाला. पण तेव्हा सराव १२ आठवड्यांच्या पुढे गेला होता, मुली निवडक उरल्या होत्या, आणि तीच चाचणी पुन्हा दिली की पायांना लय सापडते, भीती जाते, नाडी थोडी खाली येतेच. नियंत्रित गट, म्हणजे हे प्रशिक्षण न देता फक्त तुलनेसाठी मोजायचा गट, आराखड्यात होता, पण त्यातल्या मुलींनी फेब्रुवारीतच दुसऱ्या अकादमीत नाव घातलं होतं. भरती तोंडावर असताना कुणी 'नियंत्रित' राहत नाही. हे सगळं मर्यादांच्या प्रकरणात गेलं, आणि ते प्रकरण प्रबंधातलं सर्वांत वाचनीय झालं.

पट्ट्याने आणखी एक गोष्ट उघड केली. नाडी जितकी जास्त, तितके बोटांनी मोजलेले ठोके पट्ट्यापेक्षा कमी भरत होते. म्हणजे एप्रिलच्या दुपारी खरी नाडी कदाचित नोंदलेल्यापेक्षाही जास्त असेल. एक चूक दुसरीला अंशतः झाकत होती.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) नेमकं बोट ठेवलं. सलग व्यायामात, विशेषतः उष्ण हवेत, श्रम तेवढेच असूनही नाडी हळूहळू चढत जाते, त्याला कार्डिओव्हॅस्क्युलर ड्रिफ्ट म्हणतात. "कार्डिओव्हॅस्क्युलर ड्रिफ्ट म्हणतेस, पण तो दिसायला सलग व्यायामाची दहाएक मिनिटं तरी जावी लागतात. तुझी चाचणी तीन मिनिटांची. मग?" प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात तिने खरंच सरसकट 'ड्रिफ्ट' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "सर, तीन मिनिटांत झालं नाही. मुली बाकावर चढण्याआधी तासभर उन्हात उभ्या होत्या. बाकावर आल्या तेव्हाच त्यांची नाडी चढलेली असणार. पण चाचणीआधीची नाडी मी घेतली नव्हती, म्हणून ते सिद्ध करता येत नाही." एक्स्टर्नलनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

गुण मध्यम मिळाले. 'अनुमान अनिर्णित' अशा प्रबंधाला आमच्याकडे याहून जास्त मिळत नाहीत. त्याच वर्षी नेटका पी-आकडा (परिणाम काहीच नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती कमी असली की निकाल भरवशाचा मानतात) दाखवणारे दोन प्रबंध तिच्या वर पोहोचले. त्यांतल्या प्री आणि पोस्ट चाचण्या कोणत्या वेळी झाल्या हे त्या प्रबंधांत लिहिलेलं नाही. अकादमीने पुढच्या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांना मैदान दिलं नाही. फ्लेक्सवर ८०० मीटरच्या वेळा मात्र झळकल्या, प्रबंधाचा उल्लेख न करता.

वेगळं काय करता आलं असतं

छोट्या गोष्टी आधी. चाचणीआधी बसवून घेतलेली नाडी, तापमान, शेवटचं खाणं-चहा, पाळीचा दिवस: एका ओळीत मावणाऱ्या नोंदी आहेत. मासिक चक्राच्या उत्तरार्धात शरीराचं तापमान थोडं चढलेलं असतं, नाडीवर त्याची छाया पडू शकते. मुलींवर संशोधन करणाऱ्या प्रबंधांत हा रकाना अजूनही लाजेखातर गाळला जातो. प्री-टेस्टच्या आधी एक सरावाची फेरी घेतली असती तर 'पायांना लय सापडण्याचा' भाग वेगळा काढता आला असता. मैदान ऐनवेळी गेलं तेव्हा चाचणी दुपारी ढकलण्याऐवजी दोन दिवस पुढे, पण पहाटे, नेता आली असती. मैदान गेल्याचा फोन तिने मार्गदर्शकांना केला होता आणि दोघांनी मिळून दुपार ठरवली होती, कारण त्या क्षणी दोघांना सबमिशनची तारीख दिसत होती. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण हा होता. बाकीचे नंतरचे निर्णय त्याची भरपाई करणारे.

अकादमीशी पहिल्याच भेटीत एक कागद हवा होता: निकाल काहीही आला तरी छापला जाईल, आणि जाहिरातीत त्याचा वापर होणार नाही.

पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. या प्रकरणानंतर मी ग्रंथालयात आमच्याकडचे जुने प्रबंध काढून पाहिले. प्रशिक्षणाचा परिणाम तपासणाऱ्या बहुतेकांत प्री-टेस्ट जानेवारीत आणि पोस्ट-टेस्ट मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये आहे. कारण चौथं सत्र तेव्हाच असतं. नाशिकची जानेवारीची सकाळ आणि एप्रिलची दुपार यांच्यात जो फरक आहे तो दरवर्षी प्रत्येक प्रबंधात प्रशिक्षणाच्या परिणामात मिसळतो, आणि तापमानाचा रकाना कुठेच नाही. ज्यांच्यात नाडी घटलेली दिसते तिथे कदाचित सुधारणा नोंदलीय त्याहून मोठी असेल. जिथे काहीच फरक नाही असं म्हटलंय तिथे कदाचित असेल. हे आता तपासता येत नाही. एका विद्यार्थिनीच्या नशिबी ऊन इतकं ठळकपणे आलं, म्हणून ते दिसलं.

नुसती चाचणी पहाटे घेतली तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण ऋतू बदलला की शरीरही उष्णतेला सरावत जातं. पण पहाटे-पहाटे तुलना निदान समान पातळीवर येते. सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत काम करायचं असं विभागात काहींचं मत आहे. पावसाळा तोवर ओसरलेला असतो, ऑक्टोबरचा उकाडा सोडला तर हवा बरी. त्यासाठी विषय तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच मंजूर व्हायला हवा, आणि विद्यार्थ्यांना तोवर संशोधन पद्धतीचा पेपर पचलेला असायला हवा. दुसरं मत असं की नियंत्रित गट त्याच वेळी, त्याच हवेत मोजला की ऋतूचा परिणाम आपोआप वजा होतो. पुस्तकी दृष्टीने हे अचूक. भरतीची मुलं तीन महिने नियंत्रित गटात बसवून दाखवा, मग बोलू.

शिकवण्यातही बदल झाला, छोटा. पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिकात आता त्याच विद्यार्थ्याची स्टेप टेस्ट आठवड्यात दोनदा होते, सकाळी सात आणि दुपारी बारा, सावलीत. पहिल्यांदा ते करताना वर्गातल्या एकीने विचारलं, "सर, मग माझी व्हीओ-टू मॅक्स नक्की किती?" त्यावर अर्धा तास चर्चा झाली. लेखी परीक्षेतला 'उष्ण हवामानातील व्यायामाचे परिणाम लिहा' हा प्रश्न मात्र तसाच आहे. तो बदलून कच्च्या आकड्यांचा तक्ता द्यावा आणि काय चुकलं ते शोधायला सांगावं असं मी अभ्यास मंडळाला लिहिलं आहे. पुढच्या तुकडीचे विषय तिसऱ्या सत्रातच मंजूर करायचं विभागाने तत्त्वतः मान्य केलं आहे, आणि दोन छातीचे पट्टे व एक तापमान-आर्द्रता मापक यांच्या खरेदीचा प्रस्ताव सध्या लेखा विभागात आहे.